अनवाणी पलटण

२८ मिलिमीटर उंचीच्या शिपायालाही पायाची बोटं असतात. पॅराग्वेचं सैन्य रंगवायला घेतलं की ती दिसू लागतात, कारण १८६४ ते १८७० या काळात ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे अशा तिघांना अंगावर घेतलेल्या या देशाचे बहुतेक शिपाई अनवाणीच लढले. तांबडा सदरा, पांढरी विजार दोन फटकाऱ्यांत उरकते. बुटांचा काळा रंग वाचला म्हणून खुशीत ब्रश खाली ठेवावा, तर भिंगाखालून दहा बोटं माझ्याकडे पाहत असतात. त्यांच्यावर चिखलाचा तपकिरी हात फिरवताना उगाचच वाटतं, आधी पाय धुऊन द्यावेत बिचाऱ्याचे.

अशा वेळी कांदिदो लोपेस आठवतो. अर्जेंटिनाच्या फौजेतला हा तरुण चित्रकार कुरुपायतीच्या लढाईत जखमी झाला आणि उजवा हात गमावून बसला. मग डाव्या हाताला त्यानं ब्रश धरायला शिकवलं आणि आडव्या, लांबोळक्या कॅनव्हासवर हेच युद्ध रंगवलं; उंचावरून पाहिलेलं, मुंगीएवढ्या असंख्य शिपायांनी भरलेलं. खुर्चीवर चढून आमच्या लुटुपुटूच्या लढायांच्या टेबलाकडे पाहिलं तर असंच काहीसं दिसतं. दोन धड हात असून एका बटणाशी हुज्जत घालणाऱ्यानं त्याचं नाव जरा जपूनच घ्यावं.

कुरुपायती, २२ सप्टेंबर १८६६. टेबलावर दलदल, तोडलेल्या झाडांचा अडसर, मागे खंदक नि तोफा. वर कापसाचा धूर. आमच्या नियमांत एक बाहुली म्हणजे पन्नास माणसं. दोस्त राष्ट्रांचे मेलेले-जखमी चार हजारांच्या घरात, म्हणजे ऐंशी बाहुल्या आडव्या. पॅराग्वेचे मेले शंभराच्या आत, म्हणजे धड दोनही नाहीत. साहजिकच दोस्त राष्ट्रांचा सेनापती बार्तोलोमे मित्रे व्हायला कुणी तयार नसतं, चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. ज्याची निघते तो फासे खुळखुळवत आधी चहा मागतो. रात्री मात्र ऐंशीच्या ऐंशी जण उठून डब्यात आपापल्या खाचेत जाऊन पडतात. एवढा सोयीचा पराभव खऱ्या मित्रेच्या नशिबी नव्हता.

१६ ऑगस्ट १८६९ ची आकोस्ता न्यूची लढाई आम्ही मांडत नाही. तोवर पॅराग्वेकडे उरली होती ती बरीचशी पोरंच. लांबून मोठी वाटावीत म्हणून त्यांनी खोट्या दाढ्या लावल्या होत्या, असं सांगतात. तेवढ्या मापाच्या बाहुल्या मिळत नाहीत, असं आम्ही एकमेकांना सांगतो. ढोल वाजवणारी दोन पोरं डब्यात असूनही. मित्र म्हणतो, पुढच्या रविवारी रियाचुएलो घेऊ, नदीवरची लढाई. आगबोटींना वय विचारावं लागत नाही.