पंतांचा चातुर्मास

आमच्या घरात बारा महिने कांदा-लसूण वर्ज्य असलेली एकच असामी आहे. नाव पंत. पंत हे कुत्रा आहेत. जात विचाराल तर गावठी, रंग तांबूस, आणि डाव्या कानाचं टोक कायम खाली वळलेलं.

नाव लेकीनं ठेवलं. पिल्लू असताना ते पुढचे पाय जुळवून, मान जराशी वर करून असे बसायचे, की समोर दौत-टाक ठेवला असता तर खलिता लिहायला घेतला असता. लेकीनं त्यांना विश्रामबागेतल्या एका बांधकामावरच्या वाळूच्या ढिगातून ओढणीत गुंडाळून आणलं, वर्षभर लाड केले आणि नोकरीसाठी बंगळूर गाठलं. त्याच सुमारास मी बँकेतून निवृत्त झालो. म्हणजे दिवसभर घरात मोकळे असे आम्ही दोघंच उरलो, आणि दोघांपैकी एकाला स्वयंपाक शिकणं भाग होतं.

तशी वेळ आली, कारण पंतांनी पिशवीतलं अन्न सोडलं. दोन वर्षं बिनतक्रार खाल्लेल्या त्या तपकिरी गोळ्यांकडे एके दिवशी त्यांनी नुसतं पाहिलं, वाटी नाकानं फरशीवरून ढकलत माझ्या पायापाशी आणली, आणि जुन्या खातेदारानं पासबुक काउंटरवर ठेवून गप्प उभं राहावं तसे उभे राहिले. मी ही नजर ओळखतो. पस्तीस वर्षं ओळखत आलो आहे.

"एवढं काय त्यात?" आई म्हणाली. "भाकरी घाल. कुत्रं भाकरी खातं."

आईचं बरोबर होतं. माझ्या आजोळी, जतकडच्या वस्तीवर, राखणीच्या कुत्र्याला चतकोर ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून मिळायची, आणि ती संपवून तो रात्रभर कोल्ह्यांवर भुंकायचा. त्याला काही झाल्याचं आठवत नाही. (त्याला काही झालं तर आठवणीत ठेवण्याची तेव्हा पद्धतही नव्हती.) पुढे मी वाचलं, की स्वीडनमधल्या संशोधकांनी 2013 साली कुत्र्याची आणि लांडग्याची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवणारं जे जनुक आहे, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या. कुत्र्यात चारापासून तिसापर्यंत. माणूस शेती करायला लागला, त्याच्या उकिरड्यावर कुत्रा जेवायला लागला आणि पिढ्यान् पिढ्या जेवता जेवता भाकरी पचवायला शिकला. थोडक्यात, ज्वारीच्या भाकरीची सोय त्याच्या रक्तात आहे. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग मी काय म्हणत होते?"

नुसत्या भाकरीवर भागत नाही, हे व्हिडिओ कॉलवर लेकीनं सांगितलं. तिची यादी तयारच होती.

"बाबा, लिहून घ्या. कांदा नाही. लसूण नाही."

"शिजवून?"

"शिजवून नाही, तळून नाही, पूड नाही. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि लगेच कळतही नाही, चार दिवसांनी कळतं. लसूण तर कांद्याहून जहाल. मीठही नको."

"मग फोडणी कशाची द्यायची?"

"फोडणी नाहीच!"

मी पेन खाली ठेवलं. पण मागून, देवाच्या वाती वळत बसलेली आई म्हणाली, "म्हणजे चातुर्मासाचं जेवण. त्यात काय कठीण?"

इथून पुढे घरातली सत्तासूत्रं हलली. आई ब्याऐंशी वर्षांची. कांदेनवमीला भजी खाऊन आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांद्याला न शिवणाऱ्यांतली घरातली ती शेवटची. आम्ही बाकीचे हॉटेलात जाऊन नियम मोडतो आणि घरी येऊन वेलची चघळतो. तोवर पंतांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायची मुभा नव्हती. पण आपला नियम पाळणारा कुणीतरी एक घरात आहे, तोही आपणहून नाही तरी कडकडीत, हे कळल्यावर तिचा चेहरा बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं छोटा कुकर काढला. तांदूळ, मुगाची डाळ, लाल भोपळा, गाजर, चिमूटभर हळद. अळणी. वास आला तसे पंत उंबऱ्याच्या बाहेर येऊन बसले. पुढचे दोन पाय बरोबर रेघेवर.

सांगलीत कुत्र्याचा स्वयंपाक करताना एक गोष्ट लक्षात येते. हे गाव ज्या ज्या पदार्थांनी ओळखलं जातं, त्यातला एकच पदार्थ पंतांना चालतो, तो म्हणजे हळद. भडंगात लसूण. संध्याकाळी मी भडंगाचं पातेलं घेऊन बसलो, की पंत समोर येऊन एकेक दाण्याचा प्रवास डोळ्यांनी मोजतात. त्यांना एक दाणा देता येत नाही. आणि बेदाणा! तासगावच्या बाजूला द्राक्षांच्या बागा, गावात बेदाण्याचे सौदे, दिवाळीला भेट म्हणून बेदाण्याची पाकिटं, आणि द्राक्ष अन् बेदाणा, दोन्ही कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. का, ते कितीतरी वर्षं कुणाला नीट उलगडत नव्हतं. 2021 साली अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं. त्यांचा हा संशय बळावला, कारण चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तशीच लक्षणं दिसली. चिंच! म्हणजे आमची चिंचगुळाची आमटीही गेली. आईनं हे ऐकून आमसूल सुचवलं. मी म्हटलं, आई, त्यांना आंबटाची गरजच नाही. ती म्हणाली, "असं कसं? जेवणाला चव नको?"

कुत्र्याच्या जिभेवर रुचीच्या कळ्या आपल्या पाचव्या हिश्श्याइतक्याच असतात. त्यांचं जेवण नाकानं होतं, हे मी तिला पटवू शकलो नाही. ती रोज पंतांना विचारते, "कसं झालंय?" आणि पंत वाटी चाटून ती पुन्हा तिच्या दिशेनं ढकलतात. घरातल्या इतर कुणाकडून तिला इतकं स्पष्ट उत्तर गेल्या साठ वर्षांत मिळालेलं नाही.

तुपावरून मात्र पेच आला. तीन महिन्यांत पंत अठरा किलोंवरून एकवीस किलोंवर गेले. डॉक्टरांनी वजनकाट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तूप किती घालता?" मी म्हटलं, मी नाही घालत. घरी येऊन आईला सांगितलं, की तुपातेलानं स्वादुपिंडाला सूज येते, तूप बंद. ती म्हणाली, "पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागं नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले. कोरडी खाऊ नको म्हणाले. तुझा डॉक्टर नामदेवांपेक्षा मोठा का?" यावर मला एवढंच सुचलं, की तो कुत्रा पळत होता, आपला बसलेला असतो. तूप थेंबावर आलं.

शास्त्रार्थात आईला हरवणं अवघड. शेजारच्या वहिनींनी एकदा विचारलं, की या वयात तुम्ही कुत्र्यासाठी वेगळा कुकर लावता? आई म्हणाली, पितृपक्षात गाईचं, कावळ्याचं, तसं कुत्र्याचंही पान वेगळं काढतातच की. "आणि यमाच्या दारात दोन कुत्रे आहेत. श्याम आणि शबल. आपल्याला जायचंय तिकडंच. ओळख ठेवलेली बरी."

मग अंड्याचा प्रश्न. डॉक्टर म्हणाले, डाळ-भाताला प्राणिज प्रथिनांची जोड हवी. आमच्या घरात अंडं शिजत नाही, गॅलरीत शिजतं. तिथं एक जुनी विजेची शेगडी, एक काळं पडलेलं पातेलं आणि मी, अशी व्यवस्था आहे, आई तिकडे पाठ करून बसते आणि "किती मिनिटं झाली?" असं विचारते. पण डॉक्टरांचं समाधान नव्हतं. घरच्या जेवणात कॅल्शियम हमखास कमी पडतं म्हणाले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यांनी पुस्तकांतून आणि इतर ठिकाणांहून घरगुती श्वानाहाराच्या 200 पाककृती जमवून तपासल्या, 2013 सालीच. त्यातल्या 95 टक्क्यांत एखादा तरी आवश्यक घटक कमी निघाला. आईचा चातुर्मास त्या 200 त नव्हता, पण बँकेतल्या माणसाला तपासणीतल्या त्रुटींची धास्ती असते.

एका अंड्याच्या टरफलात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. टरफलं उकळून, वाळवून, बारीक पूड करून मोजून जेवणात मिसळायची, असं ठरलं. मिक्सरच्या भांड्याला बायकोनं हात लावू दिला नाही. मी दुपारी, सगळे झोपलेले पाहून, देव्हाऱ्याशेजारच्या फडताळातला पितळी खलबत्ता काढला. खलबत्त्याचा दोष असा, की तो गुप्तपणे वापरता येत नाही. तिसऱ्या ठोक्याला आई दारात उभी. तो खलबत्ता तिच्या आईनं लग्नात दिलेला, त्यात आजवर वेलदोडा, सुंठ, जायफळ एवढंच कुटलं गेलेलं. ती काही बोलली नाही. खलबत्ता चिंचेनं तीन वेळा घासून घेतला (चिंच पंतांपासून लांब ठेवून), आणि दुसऱ्या दिवशी मला बाजारातून दगडी खल आणायला पाठवलं. त्यावर मी खडूनं 'पंत' लिहिलं आहे.

बिस्किटांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी शोभा नाही. नाचणीचं पीठ, उकडलेला भोपळा, एक अंडं. साखर नाही, गूळ नाही, सोडा नाही. लाटून, वाटीनं गोल पाडून ओव्हनमध्ये भाजली. किती वेळ, ते विसरलो. निघालेली वस्तू टेबलावर टाकली की खणखणायची. पंतांनी पहिलं बिस्कीट सभ्यपणे तोंडात धरलं, मान डोलावली, आणि जाऊन कोरफडीच्या कुंडीत पुरलं. दुसरंही. तिसऱ्याला कुंडी पुरेना म्हणून कढीपत्त्याकडे वळले.

मी मनाला समजावलं, की आपण मूळ पद्धतीला पोचलो. कुत्र्याच्या बिस्किटाचा जन्म असल्याच वस्तूतून झाला. जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन 1860 च्या सुमारास वीजरोधक विकायला लंडनला गेला. तिथं गोदीवर खलाशांनी टाकलेली जहाजावरची दगडासारखी बिस्किटं कुत्री आवडीनं खाताना त्यानं पाहिली, असं सांगतात. वीजरोधक राहिले बाजूला, त्यानं गहू, भाज्या आणि मांस घालून कुत्र्यांची बिस्किटं काढली आणि श्रीमंतांना विकली. त्याच्याकडे नोकरीला असलेल्या चार्ल्स क्रफ्टनं पुढे 1891 पासून श्वानप्रदर्शन भरवलं, ते आजही क्रफ्ट्स म्हणून भरतं. माझ्या बिस्किटांपैकी अकरा अजून कुंड्यांत आहेत. कोरफड उत्तम वाढली आहे.

श्रावणातल्या सत्यनारायणाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. सव्व्याच्या मापाचा शिरा, वर सढळ हातानं बेदाणे. सांगलीत बेदाण्याला काटकसर केली तर लोक बोलतात. एका पाहुण्यांनी द्रोण खुर्चीखाली ठेवला आणि गप्पांत रंगले. मी गॅलरीतून आलो तेव्हा पंत रिकामा द्रोण पुढच्या पायानं धरून कडेपर्यंत चाटत होते. आयुष्यातला पहिला गोड पदार्थ.

"किती बेदाणे होते हो त्यात?" मी विचारलं. पाहुण्यांना वाटलं, मी हिशेब मागतो आहे.

किती बेदाण्यांनी बाधतं याचा नेम नाही. एखाद्याला मूठभर पचतात, एखाद्याला चार भोवतात. मी पंतांना उचलून रिक्षात बसलो. सोवळं सोडायचं राहिलं होतं. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, उलटी काढली, आणि डॉक्टरांनी हातमोजे घालून त्या शिऱ्यात पाहिलं. "सात," ते म्हणाले. मग सलाईन, रात्रभर देखरेख, रक्ताची तपासणी, तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी. आई त्या रात्री झोपली नाही. पहाटे मी घरी आलो तेव्हा छोटा कुकर ओट्यावर तयार होता, तांदूळ धुवून ठेवलेले, आणि ती उंबऱ्याच्या रेघेपाशी, बाहेरच्या बाजूला, पंतांच्या जागेवर बसली होती.

तिसऱ्या दिवशीचा अहवाल चांगला आला. पंत घरी येऊन मुगाची खिचडी जेवले.

त्या वर्षापासून आमच्या सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणा पडत नाही. पहिल्या वर्षी दोघांनी आडून विचारलं, की यंदा बेदाण्याचा भाव फार चढला का? आईनं सांगितलं, "घरातल्या एकाला चालत नाही." तर यंदाही पूजा श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी आहे, जरूर या. फक्त प्रसाद हातात धरूनच खा, द्रोण खाली ठेवू नका, आणि भडंग आणणार असाल तर पिशवी उंचावरच्या खुंटीला अडकवा.