परवडतंय का बघू

केळशीहून दापोलीला येणाऱ्या सकाळच्या एस.टी.त एखादे वयस्क गृहस्थ मांडीवर सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं धूड घेऊन बसलेले दिसले, तर आत फणस असेल असं समजू नका. जरा जवळ सरका. पेट्रोलचा वास येईल. पिशवीत झाडं कापायचं मशीन आहे, आणि गृहस्थ ते दुरुस्तीला टाकायला चालले आहेत. संध्याकाळच्या गाडीला तेच गृहस्थ, तीच पिशवी, तोच वास. फरक एवढाच की आता ते विचारात आहेत.

ही माणसांची एक जातच आहे. हा माणूस घाटावर भेटला तर त्याच्या मांडीवर फवारणीचा पंप असतो, पुण्यात भेटला तर मिक्सर. पण जात फुलते ती कोकणात, टू-स्ट्रोक इंजिनावर. कारण हे मशीन टाकून द्यावं इतकं स्वस्त नाही आणि निमूटपणे दुरुस्त करावं इतकं महाग नाही. नेमक्या त्या फटीत हा माणूस आयुष्य काढतो. सोयीसाठी आपण त्याला अण्णा म्हणू. गावोगाव असतातच.

अण्णांच्या घरात मशीन आलं ते निसर्ग वादळानंतर. ३ जून २०२० ला वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि जाता जाता दापोली-मंडणगडच्या बागाही झोपवून गेलं. माड, पोफळी, आंबे, सगळं आडवं. वीज कित्येक दिवस नाही, म्हणजे विजेची करवत असूनही उपयोग नाही. टाळेबंदीमुळे माणसं मिळेनात. तेव्हा ज्याला त्याला पेट्रोलवर चालणारं मशीन हवं झालं. अण्णांनी ५८ सीसीचं, २२ इंची पट्टीचं मशीन साडेसात हजारांना घेतलं. त्या पावसाळ्यात ते राक्षसासारखं चाललं. मग काम संपलं, आणि अण्णांनी ते पुसून, खोक्यात घालून, माळ्यावर ठेवलं. टाकीत अर्धा लिटर पेट्रोल होतं. ते ओतून टाकणं अण्णांच्या जिवावर आलं.

पुढचं महाभारत त्या अर्ध्या लिटरातून निघालं. या इंजिनाच्या कार्बोरेटरात रबराचा एक पातळ पडदा असतो. शिळ्या पेट्रोलात राहून तो कडक होतो, पापडासारखा. हल्ली तर पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढतं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ओढायला पाण्याची कमी नाही. वर्षभराने अण्णांनी दोरीला हिसका दिला, मशीनने घेतलं नाही. पन्नास हिसके दिले. एकावन्नाव्याला दोरी हातात आली.

तिथून अण्णांची वही सुरू होते. दोनशे पानी, वर ‘मशीन’ असं लिहिलेलं. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘नवीन’, उजवीकडे ‘दुरुस्ती’. डावीकडे कायम एकच आकडा, ७५००. उजवीकडे दोरी, स्प्रिंग, पडदा, प्लग, एअर फिल्टर. खाली बेरीज. बेरीज ७५०० पेक्षा कमी भरली की खाली दोन रेघा आणि ‘परवडते’.

मी एकदा विचारलं, “अण्णा, आतापर्यंतच्या सगळ्या पानांची बेरीज केलीत का?”

“मागचं मागच्या पानावर,” अण्णा म्हणाले.

हे हसण्यावारी नेऊ नका. अर्थशास्त्राचे लोक हेच सांगतात की गेलेला पैसा गेला, पुढचा निर्णय घेताना तो धरू नये. अण्णा या शास्त्रानुसार चार वेळा, अगदी बिनचूक, बुडालेले आहेत.

दापोलीचा मेस्त्री हा या नाटकातला दुसरा नट. मागच्या खेपेला मी बरोबर होतो. मेस्त्रीने प्लग काढला नाही, टाकी उघडली नाही. मशीनच्या दोरीची मूठ धरली आणि अख्खं मशीन हवेत लटकत सोडलं. इंजिनात दम असेल तर मशीन दोरीला अडत अडत, टप्प्याटप्प्याने खाली उतरतं. अण्णांचं मशीन विहिरीत घागर सोडावी तसं सर्रकन खाली आलं.

“बसलंय,” मेस्त्री म्हणाला.

मग त्याने सायलेन्सरचे दोन स्क्रू काढले आणि भोकातून बॅटरी मारली. आत पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे, मांजराने नखं घासल्यासारखे.

“अण्णा, पेट्रोलात टूटी ऑइल किती घालता?”

“लिटरला वीस मिली.”

“पुस्तकात चाळीस लिवलंय.”

“पुस्तक कोणाचं? मशीन विकणाऱ्याचं. ऑइल कोण विकतो? तोच.”

मेस्त्रीने पाना खाली ठेवला. या युक्तिवादाला अवजार नव्हतं. सिलिंडर-पिस्टन १६००, सील आणि गॅस्केट ४००, मजुरी ८००, असा त्याने तोंडी हिशेब सांगितला आणि वर स्वतःचं सूत्रही: “नव्याच्या अर्ध्यावर खर्च गेला की टाकायचं. अर्ध्याच्या आत असला तर करायचं.” सूत्र चांगलं आहे. माझ्या मते त्यात एकच भर हवी, की इंजिनाचं पोट एकदा खराब झालं की अर्ध्याऐवजी पाव धरावं. कारण सिलिंडर नवा आला तरी बाकीचं सगळं जुनंच असतं आणि ते आपापली पाळी बघून बसलेलं असतं. पण अण्णांनी मान डोलावली ती अर्ध्यालाच. २८०० हे ३७५० च्या आत आहेत. परवडते.

प्रवासखर्च? शून्य. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. फुकट आहे, आणि अण्णांनी त्याच वर्षी पंचाहत्तरी गाठली. माझा दाट संशय आहे की या एका सवलतीने कोकणातली निम्मी बंद मशीनं अजून मोडीत निघालेली नाहीत. परतीच्या गाडीत कंडक्टरने पिशवीकडे बोट दाखवून टाकी रिकामी आहे ना, अशी खात्री करून घेतली. मग म्हणाला, “तुमचं फुकट, पण याचं काय?”

“याचं काय?”

“याला पंचाहत्तर झाली का?” जरा वाकून त्याने पिशवीत पाहिलं. “असू दे. झालेली दिसतायत.”

अण्णा तसे बावळट नाहीत. त्यांना एक गोष्ट अशी येते की बघत राहावं. साखळीला धार लावणं. सकाळच्या उन्हात पडवीच्या पायरीवर बसायचं, पट्टी गुडघ्यांत धरायची, पहिल्या दातावर देवघरातल्या कुंकवाचा ठिपका ठेवायचा, म्हणजे फेरा कुठे संपला ते कळतं. मग गोल कानस. दर दाताला तीन हात, आतून बाहेर, एकाच दिशेने; परत येताना कानस उचललेली. एका बाजूचे दात झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. तासभर बोलत नाहीत. अण्णा सांगतात, धार आहे की नाही ते दाताला विचारू नये, लाकडाला विचारावं. ढलप्या उडाल्या तर धार आहे, नुसता भुसा पडला तर नाही. गावातले अर्धे लोक साखळीला धार अण्णांकडून लावून नेतात. अण्णा पैसे घेत नाहीत. वहीत त्याला रकाना नाही.

गेल्या जूनमध्ये फणसाची दांडगी फांदी गोठ्यावर आली. गाय आत. अण्णांचं मशीन पडवीत खोललेलं. सिलिंडर एका परातीत, पिस्टन वाटीत. काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, एक शब्द बोलायचा नाही असं ठरवून वाडीतल्या एका पोराला फोन केला. तो मोटारसायकलवर स्वतःचं मशीन घेऊन आला. एका हिसक्यात चालू. अण्णा पायरीवरून बघत होते.

“किती दिवस टिकेल रे?” त्यांनी विचारलं.

“तीन वर्षं झाली, अण्णा.”

“ऑइल?”

“चाळीस.”

अण्णा गप्प. तेवढ्यात फांदी अर्धी कापून झाली आणि पोराचं मशीन फुस्स करून बंद पडलं. पोराने दहा-बारा हिसके दिले. गाय आत हंबरायला लागली. अण्णा उठले. आत जाऊन फरसाणाचा डबा घेऊन आले. डब्यात अकरा प्लग होते, कागदात गुंडाळलेले, वर खडूने नंबर. त्यांनी पोराच्या मशीनचा प्लग काढला, काळाकुट्ट आणि ओला, नाकाला लावला, स्वतःचा बसवला. पुढच्या हिसक्याला मशीन सुरू. वीस मिनिटांत गाय बाहेर.

पोराने आठशे मागितले. अण्णांनी प्लगचे एकशे वीस वजा करून सहाशे ऐंशी दिले. काकूंनी मागच्या दाराने जाऊन त्याला उरलेले एकशे वीस आणि डबाभर उकडीचे मोदक दिले. हे वहीत नाही. वहीत त्या दिवशीच्या पानावर एकच ओळ आहे: ‘प्लग, वसूल.’

अण्णांचं मशीन आता चालतं. दम भरपूर, दोरीला लटकवलं तर खाली यायचं नाव घेत नाही. ऑइलही लिटरला तीस मिलीपर्यंत वाढलं आहे. चाळीसवर जायला अण्णांना अजून थोडा वेळ लागेल. फक्त दोरीच्या बाजूचं प्लास्टिकचं झाकण तडकलंय आणि तो सुटा भाग बाजारात मिळत नाही. तेव्हा तुमच्याकडे ५८ सीसीचं एखादं मशीन बंद पडून माळ्यावर पडलेलं असेल, तर भंगारात घालू नका. कळवा. अण्णा स्वतः येऊन घेऊन जातील, एस.टी. जाते तिथपर्यंत कुठेही.