हालीत की कलदारमध्ये?

जालन्यात कादराबादेकडच्या आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी नवं माणूस आलं की पाण्याच्या तांब्यामागोमाग प्रश्न यायचा, "मूळ गाव कोणतं?" आम्ही पडलो अंबडचे, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावरचे. तरी गल्लीच्या लेखी बाहेरचे आम्हीच. विचारणाऱ्यांचं मूळ गाव दूर राजस्थानात, नागौरकडे. तिकडे कुलदेवीच्या दर्शनाला जायचं आणि ऊन सोसत नाही म्हणून चार दिवसांत जालन्याला पळून यायचं, एवढाच संबंध उरलेला.

'जालना, सोने का पालना' असं म्हणतात. कापूस-सरकीच्या व्यापाराच्या ओढीनं ही मारवाडी घरं निजामाच्या मुलखात आली. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली 1900 च्या सुमारास, आणि गल्लीतली प्रतवारी त्यावरूनच ठरे. रेल्वेआधी आलेले ते घरंदाज. नंतरच्यांचा विषय निघाला की समोरची बाईजी ओठ मुडपून म्हणायची, "ते काय, तिकीट काढून आलेले."

खरा अधिकार मात्र मुनीमजींचा. निजामी राज्यात हाली सिक्का चाले, बाहेर इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. 1948 साली संस्थान गेलं, पुढे हालीही चलनातून गेली, पण मुनीमजींच्या तोंडून काही गेली नाही. अमक्यानं लग्नात दहा हजार उडवले असं कुणी सांगितलं की ते डोळे मिटून विचारत, "हालीत की कलदारमध्ये?" पुढे पुढे तर पैशाचाही संबंध राहिला नाही. कुणाचा मुलगा पहिला आला, हालीत की कलदारमध्ये? 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला तेव्हा गल्लीत पेढे वाटले. मुनीमजींनी पेढा तोंडात टाकला, सावकाश चघळला आणि तोच प्रश्न केला. औरंगाबादेपासून सुटल्याच्या आनंदात असलेल्या मंडळींना तो फारसा रुचला नाही. (जिल्ह्याच्या रस्त्यांवरून जाताना मला तो अजून आठवतो.)

धुळवडीला हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघे. हत्तीवरचा राजा रेवड्या उधळायचा आणि घरंदाज व तिकीटवाले एकमेकांच्या पायाखालून त्या वेचायचे.

मग सात-आठ दिवसांत बासोडा. त्या दिवशी बाईजीकडे चूल पेटत नसे. शीतळामातेला गारच नैवेद्य, घरानंही आदल्या दिवशीचंच खायचं. आमच्याकडे राबडी-पुऱ्यांचा डबा यायचा. डबा रिकामा परत करायचा नाही, हा आमच्या आईचा धर्म. एका वर्षी तिनं त्यात कढईतून काढलेली कांदाभजी भरली आणि मला पिटाळलं. बाईजीनं झाकण उघडलं. वाफ वर आली. क्षणभर तिनं देव्हाऱ्याकडे पाहिलं, झाकण घट्ट लावलं आणि डबा फळीवर सरकवला.

"आईला सांग, भजी फार छान झाली होती," ती म्हणाली. "उद्या खाऊ आम्ही."