हॉकीचा संघ निवडताना घ्यावयाची काळजी
मुदखेड तालुक्यातील नवोदित चाहत्यांसाठी मार्गदर्शक सूचना

प्रस्तावना
मुदखेडात क्रिकेटचा चाहता होण्यासाठी काहीच करावं लागत नाही, जन्म घेतला की पुरतं. हॉकीचं तसं नाही. टोकियोपाठोपाठ 2024 मध्ये पॅरिसलाही भारताला कांस्यपदक मिळालं आणि तालुक्यात हॉकीप्रेमाचा उमाळा आला. तो नियमाप्रमाणे पंधरा दिवसांत ओसरला. पुढचं ऑलिंपिक येईपर्यंत कोणाच्या नावानं ओरडायचं, हा प्रश्न शिल्लक राहिला. त्यासाठी या सूचना.

पात्रता
खेळ 60 मिनिटांचा, 15 मिनिटांचे चार भाग. ऑफसाइड नाही. हिरवं कार्ड मिळालेला खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो. एवढं पाठ असलं की उमेदवार पात्र. पेनल्टी कॉर्नर नेमका कशाबद्दल दिला हे न कळल्यास खचून जाऊ नये. शेजारच्यालाही कळलेलं नसतं, त्यानं फक्त मान आधी हलवलेली असते.

पायरी 1 : महाराष्ट्राचा संघ शोधत बसू नये
नवा चाहता पहिल्यांदा हेच करतो, म्हणून आधी इतिहास वाचावा. 2005 मध्ये प्रीमियर हॉकी लीग आली. तिच्यात ‘मराठा वॉरियर्स’ होते आणि खडकीचे धनराज पिल्ले त्यांच्याकडून खेळले. 2008 नंतर लीग संपली, वॉरियर्सही संपले. 2012 मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी आली. तिच्यात ‘पुणे स्ट्रायकर्स’ आणि ‘मुंबई मरीन्स’ असे एक सोडून दोन संघ. पुणेकर अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि शेर-ए-पंजाबकडून हरले. पुढच्या वर्षी बघून घेऊ म्हणावं, तर ती लीग पुन्हा भरलीच नाही. 2013 मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली. तिच्यातले ‘मुंबई मॅजिशियन्स’ पहिल्या वर्षी पाच संघांत पाचवे आले आणि पुढं नावाला जागून गायब झाले. त्यांच्या जागी ‘दबंग मुंबई’ आली. तिनं 2017 ची अंतिम फेरी गाठली, कलिंगा लान्सर्सकडून हरली, आणि मग लीगच सात वर्षं बंद पडली. 2024 च्या अखेरीस ती पुन्हा उघडली तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते. त्यांत महाराष्ट्राचा एकही नाही.

आपला संघ हरला तर रडता तरी येतं. संघच उरला नाही तर कोणत्या टेबलावर तक्रार करायची?

पायरी 2 : अंतर मोजावं, पण गाडीत बसण्याआधी चौकशी करावी
नव्या लीगमध्ये मुदखेडला सर्वांत जवळचा संघ हैदराबाद तुफान्स. इतिहासही बाजूनं आहे. 1956 पर्यंत नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. शिवाय देवगिरी एक्स्प्रेस मुदखेडवरूनच सिकंदराबादला जाते. पहिल्या हंगामात तुफान्सनी अंतिम सामना गाठला आणि बंगाल टायगर्सकडून 4-3 असा थोडक्यात गमावला. सगळे गुण जुळले.

मात्र त्या हंगामाचे सामने झाले राउरकेला आणि रांचीला. झेंडा घेऊन हैदराबादला उतरलेल्या चाहत्याला बिर्याणी मिळाली असती, हॉकी नाही.

पायरी 3 : खेळाडूवरून संघ ठरवावा की नाही?
2024 च्या लिलावात सर्वांत महाग विकला गेला तो भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंग. सूरमा क्लबनं त्याला 78 लाखांना घेतलं. आकडा ऐकून लगेच सूरमाचे होऊ नये. आपल्याकडच्या हळदीच्या भावासारखं आहे हे, यंदाचा भाव पुढच्या साली कुणी धरून बसत नाही.

‘आपलं माणूस’ हा निकष अधिक भावपूर्ण, म्हणून अधिक घातक. महिलांच्या पहिल्या हंगामाचा अंतिम सामना 26 जानेवारी 2025 ला झाला. विजेत्या संघानं सूरमाला 2-1 नं हरवलं आणि दोन्ही गोल महाराष्ट्राच्या ऋतुजा पिसाळनं केले. छाती फुगवायला हरकत नाही, पण विजेता संघ होता ओडिशा वॉरियर्स. म्हणजे ‘आपण जिंकलो’ म्हणण्याआधी मुदखेडच्या चाहत्याला ‘आपण ओडिशाचे’ हे घरच्यांना समजावून सांगावं लागतं.

पायरी 4 : मालक पाहू नये, खातं पाहावं
आता मुद्द्याचं. ज्या संघाला मालक असतो त्या संघाला एक दिवस मालक नसतो. खात्याचं तसं नाही. माणसं बदलतात, साहेब बदलतात, खातं राहतं. आणि खात्यांचे संघ पाहायला राउरकेल्याला जायची गरज नाही, साधारण 25 किलोमीटरवरचं नांदेड पुरतं. तिथं खालसा हायस्कूलच्या मैदानावर श्री गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाची अखिल भारतीय गोल्ड आणि सिल्व्हर कप स्पर्धा कित्येक दशकं थंडीच्या दिवसांत भरते. मैदान टीव्हीवरच्यासारखं निळं नाही. धूळ उडते, तीही आपल्याच जिल्ह्याची. इथं खेळून गेलेल्यांतून पुढीलप्रमाणे निवड करावी :

आर्टिलरी, नाशिक : महाराष्ट्राचा हट्ट सुटत नसेल त्यांच्यासाठी. गावाचं नाव पुरेसं मानावं, खेळाडूंची गावं विचारू नयेत.

बीएसएफ, जालंधर : खेळ दणकट. मुदखेडात मात्र सीआरपीएफचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे, याचं भान ठेवावं. तिथल्या फाटकासमोर बीएसएफच्या नावानं आरोळी ठोकू नये.

कोर ऑफ सिग्नल्स, जालंधर : ज्यांच्या घरात रेंज येत नाही त्यांनी श्रद्धेनं घ्यावा.

पंजाब पोलीस : जिंकण्याची शक्यता चांगली. पंचाशी हुज्जत मात्र त्यांना घालू द्यावी, आपण मध्ये पडू नये.

दक्षिण मध्य रेल्वे, सिकंदराबाद : मुदखेड जंक्शनच्या माणसाला हाच संघ. याविषयी अधिक खाली.

पायरी 5 : मैदानावरचं वर्तन
उशिरा पोचल्यास ‘कोन जितायलंय?’ असं विचारू नये. नवखेपण उघडं पडतं. ‘कॉर्नर वाया घालवायलेत’ असं म्हणावं. कोणत्याही संघाला, कोणत्याही मिनिटाला ते लागू पडतं. मागून कुणी ‘बोले सो निहाल’ म्हणालं तर उत्तर देताना संघ बघायचा नसतो. म्हाताऱ्या सरदारजींनी जुन्या खेळाडूची गोष्ट काढली तर सामना सोडून ती ऐकावी. धावफलक दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, गोष्ट येत नाही.

अंतिम शिफारस
मुदखेडात एका बाजूनं नांदेड, दुसऱ्या बाजूनं निजामाबाद, तिसऱ्या बाजूनं आदिलाबाद असे रूळ फुटतात आणि तिन्ही दक्षिण मध्य रेल्वेचे. या संघाला निष्ठा नव्यानं वाहण्याची गरज नाही. तिकीट काढून वर्गणी भरून झालेली आहे. त्याचा लिलाव होत नाही, आणि लीग बंद पडली तरी त्याचा पगार बंद पडत नाही. सामन्याच्या दिवशी गाडीला उशीर होऊन पहिले दोन भाग हुकले, तरी इतर चाहत्यांसारखी चिडचिड करू नये. आपल्या संघाचं आजचं काम मैदानाबाहेरही सुरू आहे, एवढं लक्षात ठेवावं आणि फलाटावर शांतपणे बसून राहावं.