बिनतुपाचा जवाई
(एकपात्री विनोदी प्रयोग)

(रंगमंचावर पाट, परात, लोखंडी खलबत्ता, स्टीलचे दोन-तीन डबे. काटोलच्या काकू पदर खोचून येतात. हातात चिनी मातीची बरणी. बरणी अलगद परातीशेजारी ठेवतात. तिच्याकडे पाहतात, मग प्रेक्षकांकडे.)

साजूक तूप हाये. घरच्या म्हशीचं. रोज साय काढ, विरजण लाव, घुसळ, कढव, गाळ. काहून? तर यंदा लेकीच्या लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना. जवाई येऊन राहिला!

तुमच्याकडं जवायाले कसं वाढतात मले माहीत नाई. आमच्या घरी पुरणाच्या पोळीवर तुपाची धार-बिर नसते जी. वाटी देतो. पोळी बुडवून खायची. वाटी रिकामी झाली की भरायची. जवाई 'पुरे' म्हणते, तरी भरायची. त्यानं वाटीवर हात आडवा ठेवला, तर हातावर वाढायचं. जवाई उठताना भिंतीले धरून उठला पाहिजे, तेव्हा कुठं सासूचं नाव होते.

अन् पुण्याहून पोरीचा फोन. (आवाज बदलून) "आई, एक सांगायचं राहिलं. ते आता वीगन झालेत."

मी म्हणलं, "कधीपासून? डॉक्टरले दाखवलं का?"

"आई, आजार नाहीये. दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा काहीच खात नाहीत. मधसुद्धा नाही."

आत्याबाई बाजूलेच बसल्या होत्या. आमच्या सासूबाई. ऐकू कमी येते, पण जवायाचं सगळं ऐकू येते. फोन त्यायनं ओढला. "मध काहून नाई?" पोरगी म्हणे, "आजी, आपण मधमाशीला विचारून घेतो का?" आत्याबाई म्हणे, "संत्र्याच्या झाडाले कोणी इचारलं?"

(थांबून) बाप्पा, काटोलात राहून असा प्रश्न! आमची अर्धी तहसील त्या झाडावर जगते.

आता आमचे हे. मास्तर होते. रिटायर झाले, पण तास काही संपला नाई. लगेच खुर्ची ओढून सुरू. "1944 साली इंग्लंडात या लोकांची संघटना निघाली." आत्याबाई म्हणे, "त्याच साली मी जलमली. मले कोणी सांगितलं नाई." हे म्हणे, "गांधीजींनी तर 1912 मध्येच दूध सोडलं होतं, तिकडं दक्षिण आफ्रिकेत. पुढं मुंबईत आजारी पडले. डॉक्टर म्हणे दूध घ्या, हे म्हणे माझी प्रतिज्ञा हाये. तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं, शपथ घेताना मनात गाय-म्हैस होती ना, मंग बकरीच्या दुधाले काय हरकत? सेवाग्रामले 1936 साली राहाले आले, तेव्हा बकरीचंच दूध पीत होते."

आत्याबाईचा चेहरा असा फुलला! "मंग जवायासाठी बकरी पाहा!"

(कपाळाला हात) एवढा मोठा इतिहास सांगितला अन् निष्पन्न काय? बकरी.

बरं, साधी पाहुणचाराची गोष्ट असती तर वरण-भात, वांग्याची भाजी, ठेचा, झालं. पण हा धोंड्याचा महिना. चंद्राचं वर्ष 354 दिवसाचं, सूर्याचं 365 चं. दरसाल अकरा दिवस मागं पडतात. ते जमता जमता अडीच-तीन वर्षात एक महिना होतो. म्हणजे हिशेब चुकला आकाशात, अन् भरपाई सासूनं करायची! तीस-तीन म्हणजे 33 अनारसे. तांब्याच्या ताटात, वर दिवा. अनारसे म्हणजे तांदूळ तीन दिवस भिजवा, कुटा, गूळ घाला, मुरू द्या, मंग खसखशीवर थापा अन् तळा. कशात? (बरणी उचलून दाखवतात. परत ठेवतात.)

मी म्हणलं तेलात तळतो. आत्याबाई म्हणे, "जवायाचा अनारसा तेलात? लोक काय म्हणतीन?" मी म्हणलं बरं, तळायचंच नाई. पोरीनंच सांगितलं होतं, "आई, तळू नकोस, भाजू नकोस, नो-बेक कर."

नो-बेक! म्हणजे भट्टीत न टाकता. अवं, काटोलात कोणाच्या घरी भट्टी हाये? अन् यंदाचा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून. मे महिन्यात आमच्याकडं पारा पंचेचाळीसच्या आसपास खेळते. गच्चीवर पापड टाकला तर तो खाली येईपर्यंत भाजून येते. आमाले बेक काय अन् नो-बेक काय!

पोरगी आदल्या दिवशी पुढं आली. पिशवीत ओट, कोको, खोबरेल तेलाची बाटली. "आई, सोप्पं असतं. तेलात कोको कालवायचा, ओट घालायचे, थापायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं. दोन तासांत घट्ट होतं."

झालं जी घट्ट! दिसाले बी सुंदर. चौकोनी चौकोनी वड्या. ताट बाहेर काढून टेबलावर ठेवलं, फोटो काढाले. पोरीनं पडदा सारला, उजेड पाह्यला, फोनचा कोन पाह्यला, अन् ताटात पाह्यलं तर… (बोटाने वाहणारा ओघळ दाखवत) वडी निघाली जाम नदीकडं!

हे लगेच खुर्ची ओढून! "खोबरेल तेल चोवीस अंशाच्या वर पातळच राहते. ही कृती थंड मुलखातली आहे." मंग बावा, कराच्या आधी सांगा ना! पुन्हा फ्रिजमध्ये ठेवलं, तर लाईन गेली. रात्री आली. सकाळी पाहते तर ताट अर्धं रिकामं. म्हणलं जवाई यायच्या आधीच कोणी खाल्लं? तर हे अंगणात खुर्चीवर बसून, डोळे मिटून, डोक्याले मालिश करून राहिले. म्हणे, "यंदाच्या तेलाले वास मोठा छान हाये." केसात ओट!

(डबा उघडत) तेव्हा आत्याबाई उठल्या. खलबत्ता ओढला अन् म्हणे, "फल्लीदाणे आण."

इथं लक्ष देऊन ऐका, कारण कामाची गोष्ट एवढीच हाये. दोन वाटी फल्लीदाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे. साल पाखडून टाकायची. एक वाटी गूळ किसून. विलायची. आता हे कुटायचं. (खलबत्त्यात कुटतात.) आधी भरड होते. तुम्ही म्हणसान, याच्यात तूप टाकल्याशिवाय वळत नाई. थांबा. दाण्यात जवळपास अर्धं तेलच हाये. तिळातबी तसंच. कुटत राहिलं की ते आपोआप सुटते, गूळ नरम होते अन् दोघं एकमेकाले धरतात. मिक्सरमध्ये करसान तर थांबून थांबून फिरवा. एकदम फिरवलं तर लाडू होत नाई, लगदा होते. अन् लाडू वळताना हात चकचकीत होतात ते दाण्याच्याच तेलानं. इतकी वर्षं आपण दाण्याच्या लाडवात तूप टाकत होतो ते लाडवासाठी नाई, शेजारणीसाठी. तिनं विचारलं की सांगता आलं पाहिजे, "घरच्या तुपाचे हायेत जी!"

अन् दाण्याचा लाडू पंचेचाळीस अंशात वाहत नाई. परडीत ठेवा, डब्यात ठेवा, शेतात न्या. फक्त पावसाळ्यात डब्याचं झाकण घट्ट लावा, गुळाले पाणी सुटते.

आता दुसरा. खजूर. बिया काढा, हातानं मळा, भाजलेले तीळ अन् खोबऱ्याचा कीस टाका, वळा. गॅस कशासाठी? तिळापुरता. याच्यात पोरगी म्हणे, "आई, संत्र्याची ताजी साल किसून घाल." मे महिन्यात! आंबिया बहाराचं संत्रं दिवाळीच्या आगेमागे उतरते, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चात. मे महिन्यात झाडावर असते ते लिंबाएवढं हिरवं लेकरू. पुण्यात राहून संत्रं बारमाही झालं वाटते! पण मी मार्चातल्या साली धुऊन वाळवून ठेवल्या होत्या, तोंडाले लावाच्या उटण्यासाठी. आतला पांढरा भाग खरवडला, तो कडू असते. वाळलेल्या सालीची पूड केली अन् चिमूटभर त्या खजुरात. (डोळे मिटून) काय वास सुटला म्हणून सांगू!

सगळे लाडू मांडले. 33. आत्याबाई चष्मा लावून आल्या. पाह्यलं. "जाळी कुठं हाये?"

म्हणजे काय हाये, धोंड्यात जवायाले जाळीदार वस्तू द्यायची असते. अनारसे, बत्तासे, म्हैसूरपाक. म्हैसूरपाक तर तुपातच पोहते, म्हणजे बाद. लाडवाले जाळी कुठून आणू? (टोकदार काडी काढून लाडवाला भोकं पाडत) मी बसली काडी घेऊन. एकेका लाडवाले भोकं. हे विचारते, "हे काय करून राहिली?" मी म्हणलं, "धर्म!" शेवटी बत्तासे आठवले. निव्वळ साखर, आतून जाळी, दूध नाई, तूप नाई. 33 बत्तासे वर, लाडू खाली. आत्याबाई खूश, पंचांग खूश.

हे त्यातबी चांदीचा वर्ख घेऊन आले. पोरगी ओरडली, "बाबा! तो जनावराच्या आतड्यात ठेवून कुटतात!" हे म्हणे, "2016 साली सरकारनं ते बंद केलं." पोरगी म्हणे, "पुडीवर लिहिलंय का?" पुडीवर काहीच लिहिलं नव्हतं. वर्ख गेला देव्हाऱ्यात.

(पाटाकडे वळून) तर जवाई आले. पाटावर बसले. ओवाळलं. ताट पुढं केलं. त्यायनं लाडू उचलला, उजेडात धरला, बोटं पाह्यली. बोटं चकचकीत. हळूच म्हणे, "आई, राग मानू नका. पण यात तूप आहे."

(मोठा श्वास)

एवढं सगळं केलं अन् वर हे! मी म्हणलं नाई. ते म्हणे, "इतकं तुपकट कसं?" पोरगी म्हणे नाई. तरी लाडू आपला हातातच. आत्याबाई उठल्या. खलबत्ता आणला, जवायाच्या पुढं ठेवला, मूठभर दाणे टाकले अन् म्हणे, "कुटा."

धोंड्याचा जवाई! नारायणाचं रूप! नवीन धोतर, कपाळाले कुंकू, अन् खलबत्त्यावर! शेजारच्या बाया ओवाळणी पाहाले आल्या होत्या, त्या दारातच थिजल्या. एक म्हणे, "यायच्याकडं जवायाकडून काम घेतात का वो?" मी म्हणलं, "पुण्याची पद्धत हाये."

कुटता कुटता जवायाचा घाम निघाला. दाण्याले तेल सुटलं. जवायानं बोट लावून पाह्यलं, चाखलं, अन् एकदम म्हणे, "अरे! हे तर पीनट बटर आहे!"

आत्याबाई मले म्हणे, "काय म्हणते?" मी म्हणलं, "कूट झाला म्हणते."

मंग खाल्ले जी! दाण्याचे खाल्ले, खजुराचे खाल्ले, भोकं पाडलेलेबी खाल्ले. उठताना भिंतीले धरून उठले. माझं नाव राहिलं.

(बरणी उचलून उलटी करतात. रिकामी.) अन् हे तूप? रात्री स्वयंपाकघरात खडबड झाली. उंदीर म्हणून काठी घेऊन गेली, तर आमची पोरगी, पोळीवर तूप, तुपावर साखर. म्हणे, "आई, वीगन ते झालेत. मी नाही."

(पदर सोडून, प्रेक्षकांजवळ येत) तर बायांनो, अन् भाऊ तुम्हीबी ऐका, कुटाले बायकाच पाहिजेत असं काही नाई. दोन वाटी दाणे, एक वाटी गूळ. ज्याच्या घरी असा जवाई यायचा असन, त्यानं संत्रं उतरलं की साली वाळवाले टाका. पुढचा अधिक महिना 2029 चा, चैत्रातला, मार्चाच्या मध्यावर लागते. मृग बहाराचं संत्रं तेव्हा हाती लागन, मंग उन्हाच्या आधी काटोलले या. खलबत्ता मी देते, दाणे तुम्ही आणा.

(पडदा)