छान हरलो

शिकागोत बेसबॉलचे दोन मोठे संघ आहेत. उत्तरेला कब्ज आणि दक्षिणेला व्हाइट सॉक्स. कब्ज हरले की सगळ्या अमेरिकेला त्यांची माया येते. त्यांच्या हरण्यावर पुस्तकं निघतात, 2016 पर्यंत त्यांना लागलेल्या शापामागे एक बोकडसुद्धा होता. सॉक्स हरले की अमेरिकेला पत्ताच नसतो. मी सॉक्सवाला.

याला कारण माझी वेळ. मी 2005 साली इथे आलो आणि त्याच ऑक्टोबरात सॉक्सने ह्यूस्टनला चार-शून्य लोळवून वर्ल्ड सिरीज जिंकली. शहराच्या मधोमध मिरवणूक निघाली, वरून कागदाच्या कपट्यांचा पाऊस पडला, ऑफिसातली सभ्य माणसं भर रस्त्यात रडली. नव्या गावात नव्या माणसाला यापेक्षा चांगला मुहूर्त कोणता मिळणार? ही अठ्ठ्याऐंशी वर्षांनी आलेली पर्वणी आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगणार तरी कोण? बोस्टनच्या रेड सॉक्सचा शहाऐंशी वर्षांचा दुष्काळ आदल्याच वर्षी संपला होता आणि पत्रकारांकडचे सगळे गहिवर तिथे खर्च झाले होते. आमचा दुष्काळ दोन वर्षांनी मोठा, पण बातमी छोटी. शिवाय आमच्याकडे शापही सांगण्यासारखा नाही. 1919 साली आमच्या खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन वर्ल्ड सिरीज घालवली आणि आठ जणांवर जन्माची बंदी आली. यात बोकड कुठून आणणार?

तर 2024. त्या वर्षी माझे वडील, अण्णा, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. मुलगा-सून ऑफिसात, नातू शाळेत, कोपऱ्यावर पान खायला जायचं तर कोपरा चार मैलांवर. अशा माणसाला टीव्हीवर वर्षातून 162 वेळा, जवळजवळ रोज होणारा सामना सापडला. अण्णांनी आठवड्याभरात नियम शिकून घेतले आणि पंधरवड्यात संघाची नाडी ओळखली. "अरे," ते मला म्हणाले, "हे लोक खेळायला येतात की हजेरी लावायला?" तेव्हा पंचवीस सामने झाले होते. जिंकलेले तीन.

सॉक्सचं हरणं अण्णांना लवकर पचलं. पचेना ते समालोचन. ज्या वाहिनीवर सामने दिसायचे तिच्यात संघाच्या मालकांची भागीदारी होती, त्यामुळे माइकमागच्या माणसाला कायम हसतमुख राहणं भाग होतं. आमचा फलंदाज चेंडू मारायचा, समोरचा खेळाडू जागचा न हलता तो झेलायचा आणि समालोचक कौतुकाने सांगायचा की चेंडू बॅटवरून केवढ्या वेगाने सुटला! हल्ली बेसबॉलमध्ये हे सगळं मोजतात. चेंडूचा वेग, कोन आणि त्यावरून काढलेली 'अपेक्षित सरासरी', म्हणजे हा फटका एरवी किती वेळा यशस्वी झाला असता याचा हिशेब. आमच्या संघाने त्या वर्षी पुष्कळ सामने अपेक्षेत जिंकले असतील. आठ धावांनी मागे असताना आमच्याकडच्या कुणी एखादा होम रन मारला की हा गृहस्थ अशा आवाजात ओरडायचा की स्वयंपाकघरातून बायको विचारायची, "जिंकले की काय?" मुलगा दहावीला तीनदा बसला याला 'अनुभवी' म्हणणारे लग्नातले मध्यस्थ मी पाहिले आहेत. हा त्यांच्याही पुढचा.

"हरले, एवढं एक वाक्य बोलायला यांना काय होतं?" अण्णा विचारायचे.

अण्णा बाळ ज. पंडितांच्या क्रिकेट समालोचनावर वाढलेले. पंडितांच्या आवाजात विकेट पडली की ती पडायची आणि घरात सुतक यायचं. 1974 साली लॉर्ड्सवर आपला सगळा डाव 42 धावांत आटोपला. दुसऱ्या दिवशी कुणी 'सोलकरच्या नाबाद 18 मधून अनेक सकारात्मक गोष्टी' असा मथळा छापला नव्हता. माणसांना रडायला एक दिवस मिळाला. आम्हाला इथे रडायची सोय नव्हती. सामना संपल्याबरोबर पडद्यावर 'आजच्या जमेच्या बाजू' यायच्या.

आमच्याकडेही पूर्वी असं नव्हतं. हॉक हॅरल्सन नावाचा म्हातारा 2018 पर्यंत माइकवर होता. तो आपल्या संघाला सरळ 'चांगली माणसं' म्हणायचा, म्हणजे समोरचे आपोआप वाईट. निष्पक्षपणाशी त्याचं जन्माचं वैर. पण संघ हरायला लागला की हा माणूस गप्प बसायचा. मिनिटं जायची, चेंडू पडायचे, लोक पळायचे, हॉकच्या तोंडून शब्द नाही. पगार बोलण्याचा घ्यायचा आणि दुःखात मौन पाळायचं! त्याच्या मागून जेसन बेनेट्टी आला. शिकागोच्या दक्षिणेकडच्या उपनगरात वाढलेला, लहानपणापासूनचा सॉक्सवाला, हुशार, विनोदी. पडझडीतही तुमच्या शेजारी बसून कुजबुजल्यासारखा बोलायचा. 2023 चा मोसम संपल्यावर तो डेट्रॉइटला गेला. हे गाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

संघाबद्दल खरं बोलणारा त्या काळात एकच माणूस निघाला. संघाचा नवा जनरल मॅनेजर ख्रिस गेट्झ. मोसम सुरू व्हायच्या चार-पाच महिने आधीच त्याने पत्रकारांना सांगून टाकलं की हा आपला संघ मला आवडत नाही. आम्ही त्याच्यावर तेव्हा रागावलो. पुढे मे महिन्यात कळलं की वर्षातलं सर्वांत अचूक भाकीत ते होतं.

मेमधली ती एक रात्र सांगायलाच हवी. 23 तारीख, समोर बाल्टिमोर. शेवटच्या इनिंगमध्ये आमच्या पोरांनी चक्क धावा केल्या, 8-6 पर्यंत आणलं, दोघं बेसवर, एकच बाद. आमच्या फलंदाजाने चेंडू आभाळात उडवला. नियमाप्रमाणे तो तिथेच बाद, कबूल. पण पंचांनी दुसऱ्या बेसवरच्या आमच्या धावपटूलाही बाद दिलं. का, तर तो झेल घेणाऱ्याच्या वाटेत आला. झेल घेणाऱ्याने झेल व्यवस्थित घेतला होता, हा भाग वेगळा. सामना खलास. अण्णा खुर्चीतून उठून टीव्हीपर्यंत गेले आणि पंचांच्या तोंडावर बोट ठेवून साताऱ्याच्या भाषेत जे बोलले ते नातवाने दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये वापरलं. सुदैवाने बसमध्ये दुसरं कुणी मराठी नव्हतं.

जुलै-ऑगस्टमध्ये संघ सलग एकवीस सामने हरला. अमेरिकन लीगमधल्या विक्रमाशी बरोबरी. बाविसावा सामना ओकलंडला 5-1 असा जिंकला आणि पोरांनी मैदानात असा जल्लोष केला की समोरच्या संघाला वाटलं असेल आपण काहीतरी मोठं गमावलं. दोनच दिवसांनी मॅनेजर पेड्रो ग्रिफोल यांना काढून टाकलं. एकवीस हरले तोवर नोकरी शाबूत, एक जिंकले आणि गेली. अण्णांनी यावर बराच विचार केला. सरकारी नोकरीत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसालासुद्धा याचा अर्थ लागला नाही.

याच सुमारास मी सामना बघायचं सोडून सामन्यानंतरचा कार्यक्रम बघायला लागलो. तिथे ओझी गियेन बसायचे. 2005 ला जिंकवणारे मॅनेजर, जिभेला हाड नसलेला माणूस. त्यांचं इंग्रजी निम्मं व्हेनेझुएलातून येतं, पण राग पूर्ण समजतो. अण्णांना तर इंग्रजीपेक्षा तो रागच जास्त समजायचा. "हा माणूस आपला," ते म्हणाले. रोज रात्री साडेनऊला आम्ही बापलेक ओझींच्या तोंडून आपल्या मनातलं ऐकायचो आणि शांतपणे झोपायचो. तीन तासांचा सामना ही त्या अर्ध्या तासाची प्रस्तावना होती.

आणि मग सप्टेंबरात देशभरचे पत्रकार आले. कुणाला कधी न दिसलेला संघ अचानक सगळ्यांना दिसायला लागला, कारण 1962 च्या न्यूयॉर्क मेट्सचा 120 पराभवांचा विक्रम मोडायच्या बेतात होता. रोज पराभवांचा आकडा छापून यायचा. मेट्सच्या त्या संघाची गोष्ट गोड आहे. संघ पहिल्याच वर्षात होता, केसी स्टेंगलसारखा गमत्या मॅनेजर होता आणि न्यूयॉर्कच्या लेखणीबहाद्दरांनी त्या हरण्याचं लोकगीत करून टाकलं. सात वर्षांनी तोच संघ वर्ल्ड सिरीज जिंकला. आमचा संघ 1901 पासून खेळतोय. त्याला बाळलीला म्हणून कोण सोडणार? आमच्या वाट्याला लेखणीबहाद्दरही आले नाहीत, आले ते कॅमेरे. राष्ट्रीय वाहिन्यांना आमच्या मैदानात एकच गोष्ट कौतुकाची सापडली. तिथे मिळणारा कॅम्पफायर मिल्कशेक. चॉकलेट आइस्क्रीमवर भाजलेले मार्शमॅलो. त्याच्यासाठी लोक रांगा लावायचे. त्या मैदानाला नाव दिलेल्या गृहकर्ज कंपनीच्या बोधचिन्हात एक लाल बाण होता, खाली तोंड केलेला. एवढा ढळढळीत मथळा कुठल्याही संपादकाला सुचला नसता.

120 वा पराभव सॅन डिएगोत झाला आणि संघ घरी आला. 24 सप्टेंबरला मी अण्णांना घेऊन मैदानावर गेलो. इतिहास घडणार, साताऱ्यात सांगता येईल, म्हणून त्यांनी ठेवणीतला कोट घातला होता. लोकही त्यासाठीच आले होते. 'संघ विकून टाका' अशा घोषणा चालल्या होत्या, उद्देशून अर्थात मालक जेरी राइन्सडॉर्फ यांना, जे 1981 पासून संघ धरून आहेत. आठव्या इनिंगपर्यंत सगळं बेताप्रमाणे चाललं होतं. 0-2 मागे. आणि मग या संघाने, ज्याने वर्षभर आठव्या इनिंगमध्ये फक्त सामने घालवले होते, तीन धावा केल्या. 3-2. जिंकले! विक्रम बघायला आलेले लोक आपल्याच संघाच्या विजयावर हिरमुसले. मी बाविसाव्या वर्षी आयुष्यात पहिलं प्रेमपत्र परत आल्यावरसुद्धा इतका गोंधळलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी परत जिंकले. तिसऱ्या दिवशी तर 7-0. "हरा म्हटलं तर हरतसुद्धा नाहीत," अण्णा म्हणाले, "यांना काय सांगावं?"

विक्रम शेवटी 27 सप्टेंबरला मोडला. गाव? डेट्रॉइट. तोच बेनेट्टी जिथे गेला ते. आणि त्याच सामन्याने डेट्रॉइटचा संघ 2014 नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये पोहोचला. त्यामुळे सगळे कॅमेरे तिकडे वळले, शँपेन उडाली, मिठ्या मारल्या. आधुनिक बेसबॉलमध्ये एका मोसमात सर्वाधिक सामने हरणारा संघ ठरण्याचा मान आमच्या पोरांनी एकशे साठ सामने घाम गाळून मिळवला, आणि त्या रात्रीचा फोटोसुद्धा समोरच्याचा छापून आला. मोसमाचा शेवट 41 विजय, 121 पराभव. अण्णांनी तो आकडा पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून घेतला आणि ऑक्टोबरात परत गेले.

ती जुनी वाहिनी मोसमाबरोबरच बंद झाली आणि ओझींचा अर्धा तासही तेवढ्यापुरता संपला. 1 ऑक्टोबरला मालकांनी नवी वाहिनी काढली. शहरातल्या सगळ्यात मोठ्या केबल कंपनीशी तिचं जमेपर्यंत पुढच्या वर्षीचा जून उजाडला. जुन्या लोकांना यात नवल वाटलं नाही. 1982 सालीही याच मालकांनी सामने पैसे भरून बघायच्या वाहिनीवर नेले होते आणि तेव्हाचा लाडका समालोचक हॅरी कॅरे उठून कब्जकडे गेला होता. 2025 चे पहिले दोन-अडीच महिने मला सामना दिसलाच नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी निम्मी केली.

आता शेवटचं गाऱ्हाणं, आणि हे खुद्द व्हॅटिकनपर्यंत जातं. 8 मे 2025 ला शिकागोचा माणूस पोप झाला. लिओ चौदावे. तासाभरात बातमी आली की नवे पोप कब्जचे चाहते आहेत. कब्जने लगेच आपल्या मैदानाच्या दारावरच्या पाटीवर तसं झळकवून टाकलं. पोपच्या सख्ख्या भावाला वार्ताहरांसमोर सांगावं लागलं की तो जन्मापासून सॉक्सवाला आहे. आणि पुरावा निघाला. 2005 च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्याच्या जुन्या चित्रफितीत शेवटच्या इनिंगमध्ये, चेहऱ्यावर ताण, प्रेक्षकांत बसलेले तेच. जगातल्या सव्वाशे कोटींहून अधिक कॅथलिकांच्या धर्मगुरूलासुद्धा परस्पर कब्जच्या खात्यात टाकणारे हे लोक, माझ्यासारख्या साताऱ्याच्या माणसाची दखल काय घेणार?

मी ही बातमी अण्णांना फोनवर सांगितली. ते म्हणाले, "प्रार्थना करणारा माणूस इतक्या वर बसलाय, तरी हे असं?"

2025 ला संघ 60 सामने जिंकला आणि 102 हरला. वाहिनीवर याला प्रगती म्हणाले. हिशेबाने ते खरंच आहे, एकोणीस सामने जास्त जिंकले. मी त्यावर वाद घातला नाही. पोप ज्या खुर्चीवर बसले होते ती संघाने आता शोधून ठेवली आहे, विभाग 140, रांग 19, खुर्ची क्रमांक 2, आणि जवळच्या खांबावर त्यांचं चित्र लावलं आहे. पुढच्या उन्हाळ्यात आपल्यापैकी कुणी शिकागोला येणार असेल तर अवश्य कळवा. कब्जच्या मैदानाचं तिकीट काढायला जाऊ नका, महाग असतं आणि मिळत नाही. आमच्याकडे या. त्या खुर्चीच्या आसपास हवी ती जागा मिळेल.