गिअर बदलून बघू

रविवारी पहाटे साडेपाचला फोन वाजला की मी नाव बघायच्या भानगडीत पडत नाही. पलीकडून दोनच शब्द येतात. "बूट घाल." आणि फोन बंद.

हे आमचे खालच्या मजल्यावरचे मोहनकाका. अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. मी डोळे चोळत खाली उतरतो तेव्हा ते गुडघ्याला पट्टा बांधून गेटपाशी उभे असतात. काखेत चिवड्याचा मोठा डबा. डब्यात चिवडा नसतो, लेगोच्या ठोकळ्यांची रिमोटवर चालणारी गाडी असते आणि ती आज कुठल्यातरी डोंगराच्या पोटात शिरणार असते. तिला तिथवर न्यायला जी दुसरी गाडी लागते, पेट्रोलवर चालणारी, ती माझी.

नवी वस्तू हातात आली की आधी ती उघडायची आणि मग, जमलंच तर, वापरायची, असा एक माणूस प्रत्येक घराण्यात असतो. काकूंचा मिक्सर ह्यांनी वॉरंटी असताना उघडला. सोसायटीचा पाण्याचा पंप उघडला, त्या दिवशी आम्ही सगळे टँकरच्या पाण्याने आंघोळी करून कामावर गेलो. अशा माणसाच्या हाती लेगो लागणं म्हणजे काय ते समजून घ्या. मुळातच सुटं करून दिलेलं यंत्र!

तो खोका त्यांच्या नातवाचा. नातू जर्मनीत, वय वर्षं नऊ. सुट्टीत आला होता, जाताना सामानाचं वजन जास्त भरलं म्हणून खोका इथेच राहिला. पुढचे दोन महिने तो दिवाणाखाली होता. मग एका दुपारी काकांनी सहज एक ठोकळा उचलला आणि जन्मभराच्या सवयीने त्याला व्हर्निअर लावला. एका खुंटीच्या मध्यापासून दुसऱ्या खुंटीच्या मध्यापर्यंत बरोबर आठ मिलिमीटर. दुसरा ठोकळा घेतला. आठ. तिसरा, आठ. काकू सांगतात, चहा गार झाला तरी हे मोजतच होते. "अगं, १९५८ साली पेटंट घेतलेला ठोकळा आहे हा. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात गच्च बसतो. आमच्या कारखान्यात सोमवारचा पार्ट शुक्रवारच्या पार्टात बसायचा नाही!" डेन्मार्कच्या बिलुंड नावाच्या गावात एका सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला घेतली आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं, हे काका अशा आवाजात सांगतात की तो सुतार आपल्या आळीतला वाटावा.

तेव्हापासून घरातली मोजमापं खुंट्यांत चालतात. "आज पोळी बावीस खुंट्या झाली." "टीव्ही चार खुंट्या डावीकडे सरकव." एकदा डॉक्टरांनी पोटाचा घेर विचारला, तर ह्यांनी मनातल्या मनात भागाकार करून सांगितला. डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी छताकडे.

आता हे सगळं डोंगराच्या पोटात कसं शिरलं?

भुयार नसलेला किल्ला आणि भुयार कुठे निघतं ते ठाऊक नसलेला म्हातारा महाराष्ट्रात अजून जन्माला यायचाय. कुठल्याही गडाच्या पायथ्याला जा. चहा सांगा. चहा येण्याआधी भुयार येतं. हे पंढरपूरला निघतं. ते थेट त्र्यंबकला. ह्या कुंडात लिंबू टाकला की तीन दिवसांनी गोदावरीत वर येतो. अमक्या भुयारात एक बकरी शिरली होती, ती तिकडच्या गावात निघाली, गळ्यात तीच घंटा. तमक्यात अख्खं वऱ्हाड शिरलं, नवऱ्या मुलासकट, ते आजतागायत बाहेर आलेलं नाही. अमावास्येला सनई ऐकू येते. सनई ऐकलेला माणूस मात्र नेमका गेल्याच वर्षी वारलेला असतो.

आम्ही सारे हे ऐकून माना डोलवतो आणि चहाचे पैसे देतो. काकांना मात्र राहवत नाही. "पंढरपूर इथून तीनशे किलोमीटर धरू. भुयार एक मीटर रुंद, दोन मीटर उंच. म्हणजे सहा लाख घनमीटर दगड काढला. राडारोडा टाकला कुठे?" टपरीवाला गप्प. "नाही, टाकला कुठे ते सांगा ना! त्याचा दुसरा गड झाला असता!" ह्या प्रश्नावर त्यांनी किमान चार गावांतला चहा कडू केला आहे.

शेवटी एका गावातल्या तात्यांनी त्यांना गाठलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे शंभर जण बॅटऱ्या घेऊन उभे राहतील. तात्यांनी काकांचा सगळा हिशोब शांतपणे ऐकला, तंबाखू मळली आणि म्हणाले, "आवं सायब, मंग आत जाऊन बघा की."

आत जाणं शक्य नव्हतं. तोंड जेमतेम दोन फुटी, आत वटवाघळं, वर काकांचे गुडघे. तिथून परतताना अख्खा रस्ता काका एक शब्द बोलले नाहीत. नाशिकचा उड्डाणपूल दिसल्यावर म्हणाले, "मी कशाला जायला हवं?"

अशी यशवंती जन्मली. तानाजीची घोरपड यशवंती खरी की पोवाड्यातली, हा वाद इतिहासकारांनी घालावा. काकांची यशवंती अगदी खरी आहे आणि आजवर तिचे सहा अवतार झाले आहेत. पहिली अडीच मीटरवर उलटली. दुसरी वटवाघळांच्या लेंडीत रुतली. तिला काकांनी हौसेने डिफरन्शियल बसवला होता, खऱ्या मोटारीत असतो तसा. एक चाक घसरायला लागलं, ते एकटंच गरगर फिरत राहिलं आणि बाकीची स्वस्थ. "आपल्या घराण्यासारखं झालं," काका म्हणाले. "जो घसरतो त्याच्यासाठीच सगळे खपतात, आणि गाडी जागची हलत नाही." त्या रात्री डिफरन्शियल निघाला. तिसरीला मोटरच्या बाजूला आठ दात्यांचं चक्र आणि चाकाच्या बाजूला चाळीस दात्यांचं: वेग पाचपट कमी, जोर पाचपट जास्त. ती इतकी सावकाश गेली की दरम्यान काकूंनी आम्हा सगळ्यांना उपमा वाढला, भांडी आवरली आणि गाडी अजून आम्हाला दिसतच होती.

प्रत्येक अपघातानंतर काकांचं वाक्य एकच. "गिअर बदलून बघू." पूर्वी हे यंत्रापुरतं होतं. आता सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून हमरीतुमरी झाली तरी काका मागच्या खुर्चीतून म्हणतात, "गिअर बदलून बघू," आणि दोन्ही पक्ष त्यांच्यावर उलटतात. तेवढ्यापुरती सोसायटीत एकी होते, हे मान्य केलं पाहिजे.

चौथीची कथा रिमोटची. लेगोचा तो जुना रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा, इन्फ्रारेड किरणांवर चालणारा. उन्हात तो आंधळा होतो आणि अंधारात भिंतींवरून किरण परतून बऱ्यापैकी काम करतो, म्हणून काका खूश होते. पण वळण आलं की संपलं. आपला काळा, ओला दगड किरण गिळून टाकतो. रिमोटचा शब्द कानावर पडला नाही की गाडी शहाण्या मुलासारखी जागच्या जागी थांबते. त्यावर काकांनी युक्ती काढली. लेगोच्या आगगाडीचा एक वेगळा रिमोट असतो. एकदा हुकूम दिला की पुढचा हुकूम येईपर्यंत गाडी तेच करत राहते. तो बसवला. यशवंती वळणापलीकडे गेली, आणि मग जातच राहिली. थांब म्हणायची सोय नव्हती. आम्ही तोंडाशी बसून तिची घरघर ऐकत होतो. चाळीस मिनिटांनी सहाच्या सहा पेन्सिल सेल संपले तेव्हा ती गप्प झाली. नंतर कळलं की पठ्ठी तेवढा वेळ एकाच दगडाला ढुशा देत होती.

परत कशी आणली? इथे काकूंचा प्रवेश.

शोभाकाकू येवल्याच्या. येवल्याची माणसं संक्रांतीला गच्चीवरून खाली उतरत नाहीत, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. गाडीच्या शेपटीला पतंगाचा सुती दोरा बांधावा, तो फिरकीवरून सोडावा आणि मीटरामीटरावर गाठ मारून अंतर मोजावं, ही कल्पना काका आपली म्हणून सांगतात. काकू वाद घालत नाहीत, फक्त फिरकी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत. गाठी मात्र त्यांनी कुरकुरतच मारल्या. "ह्या वयात बायका जपाची माळ ओढतात, मी ह्यांच्या खेळण्याचं दावं ओढतेय." पण मोहिमेवर त्यांचा आवाज बदलतो. काका पोटावर झोपून भुयारात तोंड घालून ओरडतात, "ढील! ढील दे!" आणि काकू बोटांतून दोरा सोडत मोजतात, "अकरा... बारा... अहो, ताणू नका... तेरा."

मोहिमांचे नियम काकांचे आहेत आणि ते कडक आहेत. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक असेल तिथे यशवंती जाणार नाही. वटवाघळांची पिल्लं असतील तर आल्या पावली परत. आत एक खुंटीसुद्धा राहता कामा नये. परतल्यावर ठोकळे मोजले जातात. एकदा एक पिवळी पिन कमी भरली तर काका दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी ती त्यांच्याच पट्ट्यात सापडली.

वाटेत गाडीत व्याख्यान असतं. जगातली माहीत असलेली सर्वांत खोल गुहा अबखाझियातली व्हेर्योव्हकिना, २,२०० मीटरहून जास्त. "आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. उलटं करून आत घातलं तरी खाली साडेपाचशे मीटर उरतील!" मी म्हटलं, "काका, उलटं कशाला, सुलटंही तेवढंच बसेल." त्यावर त्यांनी घोटीपर्यंत माझ्याशी अबोला धरला. अशा गुहा चुनखडीत होतात, पाणी दगड विरघळवतं म्हणून. मेघालयात क्रेम लिआत प्राह तीस किलोमीटरहून लांब आहे. आपला सह्याद्री बसाल्टचा, लाव्हा थिजून झालेला, तो असा विरघळत नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात, आपल्या मुलाला परीक्षेत थोडक्यात नंबर हुकला, असं सांगणाऱ्या बापाचा सूर लागतो.

आणि मग, न चुकता, गँटेनब्रिंक. ह्या जर्मन इंजिनिअरने १९९३ साली गिझाच्या मोठ्या पिरॅमिडमधल्या जेमतेम वीस सेंटिमीटरच्या बोळकांडीत एक छोटा यंत्रमानव चढवला. साठ-एक मीटर वर गेल्यावर समोर दगडाची फळी, तिला तांब्याच्या दोन कड्या. जगभर खळबळ. २००२ साली दुसरा यंत्रमानव गेला, त्या फळीला भोक पाडून आत डोकावला. "आणि मागे काय होतं?" काका मागे वळून विचारतात. मागच्या सीटवरून काकू, डोळे मिटलेले, "दुसरी फळी." ही गोष्ट त्यांनी किती वेळा ऐकली असेल ते त्यांच्या आवाजाच्या संथपणावरून कळतं.

सहाव्या यशवंतीचा सल्लागार नातू. व्हिडिओ कॉलवर काका गाडी कॅमेऱ्यासमोर धरतात आणि नऊ वर्षांचा पोरगा कपाळाला आठ्या घालून बघतो. "आजोबा, वजन सगळं मागे आहे. चढावर पुढून उचलणार." चौतीस वर्षं पोरांना कानफटात मारून कामं शिकवलेला हा माणूस "हो साहेब, बदलतो साहेब" म्हणत वहीत लिहून घेतो. बॅटरीचा डबा पुढे आला. लहानसा कॅमेरा आणि किल्लीच्या जुडग्यातली बॅटरी नाकावर बसली. रुंदी अठरा खुंट्या.

तात्यांच्या गावी गेलो तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. उपसरपंचांनी नारळ वाढवला. काका झोपले, काकू बसल्या, ढील सुटली. वीस गाठी गेल्या. पंचवीस. एकतीसवर दोरा सैल पडला. गाडी थांबली होती. काकूंनी पतंग उतरवावा तशी ती हातावर हात घेत परत ओढली आणि सगळ्यांनी माझ्या लॅपटॉपभोवती गर्दी केली.

दगड. दगड. वटवाघळं. वेफर्सचं एक पाकीट, म्हणजे आमच्याआधी इथवर निदान कुरकुरे पोचले होते. पुन्हा दगड. आणि मग भिंत. साफ, उभी, ओली भिंत.

"एकतीस मीटर," काका म्हणाले. ह्या क्षणाची त्यांनी दोन वर्षं वाट पाहिली होती. "तात्या, संपलं तुमचं पंढरपूर."

तात्या पडद्याजवळ वाकले. चष्मा नव्हता, तरी त्यांनी भिंतीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आन् ह्ये काय?"

तिथे एक काळं भोक होतं. बॅटरीचा उजेड त्यात जात होता आणि परत येत नव्हता. काकांनी चित्र थांबवलं. मोठं केलं. गाडीच्या चाकाशी ताडून मोजलं. कुणी बोलेना.

"बारा खुंट्या," शेवटी ते म्हणाले, अगदी हळू. "अठराची जाणार नाही. अकराची करावी लागेल."

परतताना राडारोड्याचा विषय निघाला नाही. मीच म्हटलं, "काका, भेग असेल हो. फार तर हातभर." त्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "हवा कुठून येत होती मग आत?" हा प्रश्न मी तात्यांच्याच तोंडून दोन वर्षांपूर्वी ऐकला होता.

पुढचे तीन आठवडे खालच्या मजल्यावरून ठोकळे निवडल्याचा खळखळाट येत होता. काकू जिन्यात भेटल्या की कपाळावर हात मारायच्या. "वेड लागलंय ह्यांना. म्हणे भोकाच्या मागे जायचंय. मी सांगितलंय, ह्यापुढे मी काही येणार नाही."

काल रविवार. पहाटे पाचलाच फोन वाजला. मी न बघता उचलला आणि म्हणालो, "घालतो बूट."

"अरे, हळू बोल," पलीकडे काकू होत्या. "हे अजून झोपलेत. तू गाडी काढून ठेव. मी येवल्याहून मोठी फिरकी मागवलीय. रात्रभर बसून शंभर मीटरपर्यंत गाठी मारल्यात."